तीन तिसरे आणि एक फट

आमच्या शाळेत चौथीच्या बाईंना सगळे तोफ म्हणतात. मुलं पाठीमागे, आम्ही शिक्षिका तोंडावर. मी शेजारच्या तिसरीवर आहे. मधली भिंत पातळ, त्यामुळे तिच्या एका आवाजात माझाही वर्ग गप्प बसतो. डोकं गरम, जीभ तिखट. पण अपूर्णांक शिकवावेत तर तिनेच.

एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठा, असं चौथीची मुलं छातीठोकपणे सांगतात. आठ मोठे ना! फळ्यापुढे कितीही घसा फोडा, ढिम्म. म्हणून तोफेने खेळ काढला. पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या, त्यांचे अर्धे, पाव, तिसरे (म्हणजे एक छेद तीन), सहावे तुकडे आणि एक लाकडी फासा. फाशावर येईल तो तुकडा आपल्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टी काठोकाठ भरायची. तुकडा बाहेर डोकावला की डाव गेला. पोरं त्यावर भांडभांड भांडतात. "दोन सहावे घे, मला एक तिसरा दे!" एवढं भांडता आलं की धडा झालाच समजा.

पुठ्ठे कापतो तिचा नवरा. "या घरात एक खोका धड राहत नाही," म्हणून कुरकुरतो, पण रेषेवरून तसूभर हलत नाही. एकदा घाईत वाकडे कापले, तर तिने सगळे केरात टाकले होते.

या खेळात चिमणी बोलायला लागली. चिमणी म्हणजे पहिलीपासून वर्गात तोंड न उघडलेली मुलगी. एक दिवस भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "फसवतोस काय? तुझी पट्टी भरलेलीच नाही!" मी खडू टाकून बघायला गेले. तोफ डोळे पुसत होती आणि वर मलाच खेकसली, "तुला वर्ग नाही का?"

मग वरून, खात्याकडून, अपूर्णांक शिकवायचा संच आला. चकचकीत पेटी, रंगीत प्लास्टिकचे गोल, त्यांत बसवायचे तुकडे, आणि पाहुणे तो वापरताना बघायला येणार. तोफेने गोलात तीन तिसरे मांडले. भरेना. बोट जाईल एवढी फट.

ती तशीच मला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली. "सर, हे तुकडे चुकीचे आहेत."

"फटीत बोट घालायला कोण येतंय? उद्या पुठ्ठे कपाटात. आणि पाहुण्यांसमोर एक शब्द काढलात, तर चौथी काढून घेईन. बसा मग ऑफिसात पावत्या फाडत."

माझं डोकं फिरलं. पेटीला फीत बांधायला माणसं आहेत, तुकडे जुळवून बघायला एक नाही! पण तोफ म्हणाली, "एक दिवस गिळते. वर्ग राहिला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मीही चौथीच्या वर्गात भिंतीशी उभी होते. पाहुण्यांनी नेमकं चिमणीलाच उठवलं. तिने एक तिसरा ठेवला, दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. फटीकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. तोफ खिडकीबाहेर बघत होती.

"भरला का गोल?" पाहुण्यांनी विचारलं.

"भरला," चिमणी म्हणाली.

टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांचा चेहरा असा खुलला, की मला त्यांच्या हातातला हार ओढून घ्यावासा वाटला. सगळे चहाला गेल्यावर तोफ चिमणीजवळ खाली बसली.

"फट दिसली नाही का गं तुला?"

"दिसली ना."

"मग भरला का म्हणालीस?"

"तुम्ही काहीच बोलला नाहीत, बाई. मला वाटलं, मोठी माणसं आली की भरला म्हणायचं असतं."

तोफ उठली. पेटी काखोटीला मारून थेट ऑफिसात गेली, मी तिच्या मागे. पाहुण्यांचे कप बाजूला सारून तिने टेबलावर गोल मांडला, त्यात तीन तिसरे ठेवले.

"बाई, आठवतंय ना काय सांगितलं होतं?" मुख्याध्यापक दातओठ खात म्हणाले.

"आठवतंय. चौथी घ्या काढून," ती म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी मुळीच चढला नाही. "पण आधी यांना कळू दे. आज एक मुलगी यांच्यासमोर खोटं बोलली, आणि ते मी शिकवलंय."

सोमवारपासून तोफ ऑफिसात पावत्या फाडते. चौथीवर नवीन सर आले आहेत. भिंतीपलीकडे आता अगदी शांत असतं, आणि मुख्याध्यापक येता-जाता त्या शिस्तीचं कौतुक करतात.