बाट्लाबुआला पाजलेलं दूध

माझ्या थोरल्या बहिणीचा, म्मा-ओरातिलेचा, मला अजून संताप येतो. बाई कष्टाची, नवऱ्यामागे एकटीने साठ शेळ्या वाढवल्या. पण राग कायम नाकावर. शेजाऱ्यांना टोमणा म्हणून तिने कुत्र्याचं नावच ठेवलं बाट्लाबुआ, म्हणजे आमच्या बोलीत 'लोक बोलणारच'. अकरा वर्षं शेळ्या राखल्या त्याने. कोल्ह्याची काय बिशाद!

एका सकाळी हौदापाशी तो चालता चालता कोसळला. पाय ताठ, डोळे उघडेच. ताई किंचाळली, "विष! त्या शेजारच्या रा-तिरोने कोल्ह्यांसाठी टाकलेलं विष खाल्लं माझ्या लेकराने!" आमच्याकडे कुत्रं पडलं की विष, आणि विषावर दूध. मी धावत दूध आणलं, तिने जबडा फाकवून ओतलं. मिनिटभरात गडी उठला, शेपूट हलवत शेळ्यांमागे गेला. कावळा बसला आणि फांदी तुटली, पण बाईची खात्रीच पटली, दुधानेच विष उतरलं.

मी म्हटलं, "ताई, याच्या हिरड्या पांढऱ्या दिसतात गं. लांबच्या मोठ्या गावी जनावरांच्या डॉक्टरला दाखवू."

"कशातून नेऊ? त्या विषाऱ्याच्या गाडीतून?"

आमच्या भागात गाडी एकट्या रा-तिरोची. आणि हिने तर दुसऱ्याच दिवशी कगोटलात, म्हणजे आमच्या गावसभेत, मुखियासमोर, झाडाखाली भरल्या गावात त्याच्यावर तोंड सोडलं. तो बिचारा म्हणाला, "अगं बाई, विष खाल्लेलं कुत्रं लगेच शेळ्या राखायला जातं का?" ही ऐकेल तर शपथ!

महिन्यात बाट्लाबुआ आणखी दोनदा पडला. दर वेळी दूध. मग खोकला लागला, पोट फुगलं, चार पावलांत धाप. मी ओरडले, "अगं, हे विष नाही!" तर मलाच म्हणते, "तू त्याच्या बाजूची." आणि मी मूर्ख गप्प बसले. कशाला बसले?

चौथ्यांदा पडला तो उठलाच नाही. मी ताईला न विचारता रा-तिरोकडे पळाले. तो लगेच आला, कुत्र्याला उचलून गाडीत ठेवलं. ताई शेजारी बसली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, हिरड्या बघितल्या. "पहिल्यांदा कधी पडला?"

"महिना झाला."

"महिना?" बाई भडकल्याच. "म्हातारं कुत्रं पडलं की ते उठलं तरी त्याच दिवशी आणायचं! हिरड्या पांढऱ्या, पोट फुगलेलं, धाप, म्हणजे तासभरही थांबायचं नाही. हृदय थकलं होतं याचं. गोळ्यांवर वर्षभर तरी जगला असता. पण हा खोकला कसला? शुद्ध नसताना तोंडात काही ओतलंत?"

ताईने माझ्याकडे बघितलं.

"दूध," मी म्हटलं.

"ते फुप्फुसात गेलंय."

दुपारी बाट्लाबुआ गेला. परतताना रा-तिरोने खड्डा खणायला हात लावू का विचारलं. ताईने मान हलवली, हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मुखियाकडे गेली, गाव जमवायला लावलं. बायका कुजबुजत होत्या, आता कोणाला फाडून खाणार ही? ती उभी राहिली. आवाज तसाच, भांडणाचा.

"रा-तिरोने विष घातलं नव्हतं. माझं कुत्रं आजारी होतं आणि त्याला मी मारलं, माझ्या हाताने, दूध पाजून. ऐकलंत ना सगळ्यांनी? आता बोला!"