समृद्धीला कोणाच्या हाती द्यायचं

शेवंतीकाकूंचं पाळणाघर आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर होतं, डोंबिवली पूर्वेला. गुडघे बोलायला लागले तसं त्यांनी ते बंद केलं. पण पंचवीसेक वर्षं त्या दोन खोल्यांत त्यांचा एकच कायदा चालला. सकाळी मूल सोडताना आईने सांगून जायचं, संध्याकाळी कोण न्यायला येणार. सांगितलेला माणूस आला नाही, तर मूल उंबरठा ओलांडणार नाही. एकदा एका बाळाचा सख्खा मामा आला, पोलीस खात्यातला, अंगावर वर्दी. काकूंनी त्याला चहा दिला, मूल दिलं नाही. आई येईपर्यंत तो बिचारा मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. जाताना म्हणाला, “या बाईंना सीमेवर पाठवा.”

काकूंची मुलगी ऐश्वर्या नर्स आहे. आखातातल्या एका मोठ्या इस्पितळात नोकरी लागली, तेव्हा लेकीला, समृद्धीला, घेऊन ती गेली. नवरा रवींद्र इकडेच राहिला. पुढे फोनवरच दोघांचं बिनसत गेलं आणि घटस्फोटाचा अर्ज कल्याणच्या कोर्टात जाऊन पडला. समृद्धी आता सात वर्षांची आहे.

तिकडे लढाई सुरू झाली, तेव्हापासून काकूंचा टीव्ही बंद व्हायचं नाव घेत नव्हता. त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे असतानाच ऐश्वर्याचा फोन आला. तुटक येत होता. इस्पितळाने सगळ्यांच्या रजा रद्द केल्या होत्या, तिला निघता येणार नव्हतं. भोंगे वाजले की समृद्धीला तळघरात, धुण्याच्या खोलीत बसवून ती वॉर्डात जायची. तिच्याबरोबरची दर्शना, आपल्या कल्याणचीच मुलगी, तिचा करार संपला होता. उद्या सकाळी आपल्या दूतावासाची बस शेजारच्या देशाच्या सीमेपर्यंत जाणार होती आणि पलीकडून विमान. दर्शना समृद्धीला घेऊन येईन म्हणत होती. पण सीमेवर लहान मूल असं कोणाबरोबरही सोडत नाहीत. आई आणि वडील दोघांचं संमतीपत्र हवं. ऐश्वर्या आपलं तिथेच देणार होती, पण वडिलांचं नोटरीसमोर केलेलं हवं, आणि सोबत जन्मदाखला. नुसता स्पष्ट फोटो पाठवला तरी चालेल, दूतावासातले लोक त्यावर शिक्का देतील, एवढं दर्शनाने विचारून ठेवलं होतं.

फोन तुटला. मी चिडून म्हणाले, माणसं मरतायत आणि यांना कागद हवेत.

“लढाईतच हवेत,” काकू म्हणाल्या. “अशा पळापळीत कोणीही पोर उचलून नेईल. मी तिथे उभी असते तर मीही मागितले असते.”

आणि त्यांनी कपाटातून जन्मदाखला काढला. तो वाचताना मात्र त्यांचं बोट एका ओळीवर अडलं. आईच्या नावापुढे रसिका लिहिलेलं होतं.

ऐश्वर्याच्या लग्नात ताटातल्या तांदळात रवींद्रने अंगठीने लिहिलेलं ते नाव. त्याच्या आईची हौस. पुढे तिला रसिका म्हणून कोणी हाक मारली नाही. नर्सिंगची नोंदणी, आधार, पासपोर्ट, सगळं ऐश्वर्या नावानेच राहिलं, आणि राजपत्रात नाव बदलून घ्यायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. फक्त बाळंतपणात इस्पितळाचा फॉर्म सासूबाईंनी भरवला, तेव्हा सुनेचं नाव त्यांनी अभिमानाने सासरचं सांगितलं. आपल्याकडे किती घरांत असं अर्धवट बदललेलं नाव पडून असतं. त्याने सहसा काही अडत नाही. समृद्धीच्या पासपोर्टच्या वेळी अडलं होतं, तेव्हा रवींद्रने प्रतिज्ञापत्र करून दिलं होतं, ते तिथेच जमा झालं. आता नवं हवं. म्हणजे पोरीला जाऊ द्या असं सांगणारा तोच, आणि रसिका म्हणजेच ऐश्वर्या, हीच या पोरीची आई, हे सांगणाराही तोच.

रवींद्र काकूंचा फोन उचलेना. शीळफाट्याच्या अलीकडे एका गोदामात तो माल उतरवून घेण्याचं काम बघतो, एवढं काकूंना माहीत होतं. आम्ही रिक्षा केली. फाट्याजवळ कंटेनरच्या रांगा हलत नव्हत्या. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, तशा काकू खाली उतरल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी कडेकडेने चालायला लागल्या. मी पैसे देऊन त्यांच्यामागे धावले.

रवींद्र बाहेर आला तो हात पुसत. काकूंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो ऐकून घेत होता. डोळे लाल होते त्याचे, झोप न झालेल्या माणसाचे.

“पोरगी तळघरात बसते हे मला आज तुमच्याकडून कळतंय,” तो म्हणाला. “मी रोज फोन लावतो. ऐश्वर्या उचलत नाही.”

हात पुसायचं फडकं त्याने खांद्यावर टाकलं.

“मागे तिच्या पासपोर्टसाठी सही केली तेव्हा एकच वर्ष म्हणाला होतात.”

“आम्ही म्हणालो होतो,” काकू म्हणाल्या. “आम्ही चुकलो, रवींद्रराव. पण बस उद्या सकाळी सुटते.”

तो आत गेला. मला वाटलं, संपलं. गोदामाच्या दारात ट्रक मागे घेणाऱ्याची शिट्टी वाजत होती आणि काकू त्या दाराकडे बघत उभ्या होत्या, हलल्या नाहीत. मग तो हेल्मेट घेऊन बाहेर आला. म्हणाला, कल्याणला कुठे यायचं ते सांगा, मी गाडीवरून पुढे होतो.

कोर्टाजवळ गुरुदत्त वकिलांचं ऑफिस आहे. नोटरीही तेच. ते शटर ओढायच्या बेतात होते, पण काकूंना बघून थांबले. त्यांच्या मुलाला काकूंनीच सांभाळलेलं. समोर रवींद्र बसला, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला मी. इंग्रजी मजकूर मी दर्शनाच्या निरोपावरून सांगत होते, वकील टाइप करत होते. प्रतिज्ञापत्र सरळ झालं. आईच्या दोन्ही नावांचं वाक्य वकिलांनी वाचून दाखवलं, तेव्हा रवींद्रने मान खाली घातली आणि नुसतं हं म्हटलं.

संमतीपत्रात दर्शनाचं नाव, तिचा पासपोर्ट नंबर, प्रवासाचा मार्ग, सगळं झालं. शेवटची ओळ राहिली. मुंबई विमानतळावर मुलीला ताब्यात कोण घेणार. मी शेवंतीकाकूंचं नाव सांगायला तोंड उघडलं.

“तिथे माझं नाव घाला,” रवींद्र म्हणाला. “नाहीतर मी सही करत नाही.”

वकिलांची बोटं थांबली. काकूंनी ऐश्वर्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. दर्शनालाही लागेना. तिकडे भोंगे वाजत असतील का, एवढाच विचार माझ्या डोक्यात घोंघावत होता. वकिलांनी काकूंना बाजूला, दाराशी नेलं. मला ऐकू येत होतं. ही ओळ उद्या कोर्टात वाचली जाईल, ते म्हणत होते. मूल एकदा बापाच्या घरी राहिलं, शाळेत घातलं, की ताबा परत मिळवणं सोपं नसतं. ऐश्वर्याला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

“आणि विचारेपर्यंत बस गेली तर?” काकूंनी विचारलं.

त्या परत येऊन बसल्या. पदर सारखा केला. रवींद्रकडे बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“न्यायला तुम्ही स्वतः येणार, की कोणाला पाठवणार?”

“मी स्वतः.”

“आयत्या वेळी भाऊ, मित्र, कोणी नाही?”

“मी म्हणजे मीच.”

“लिहा हो,” काकू वकिलांना म्हणाल्या.

सह्या झाल्या, शिक्के बसले. मी खिडकीशी कागद धरून नीट फोटो काढले आणि दर्शनाला पाठवले. एकच टिक आली. कल्याणहून घरी येईपर्यंत काकू माझा फोन हातात धरून होत्या. इमारतीच्या जिन्यात दुसरी टिक उमटली, तेव्हा त्या तिथेच पायरीवर बसल्या.

सीमेवर काय झालं ते दर्शनाने नंतर सांगितलं. अधिकाऱ्याने जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून दोन्ही नावांवर बोट ठेवलं. समृद्धीला वेगळ्या खोलीत नेलं. दर्शनाला काचेतून तिची नुसती लाल टोपी दिसत होती. बसचा चालक चला चला करत होता. अधिकाऱ्याने कागदावरच्या नंबरावर रवींद्रला फोन लावला. पहिल्या रिंगलाच त्याने उचलला. काय बोलणं झालं ते दर्शनाला कळलं नाही, पण रवींद्र इकडे गोदामात आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तेच तेच मोठ्याने सांगत असणार. फोन ठेवल्यावर अधिकाऱ्याने खोलीचं दार उघडलं.

विमानतळावर आम्हीही गेलो होतो. कठड्याच्या मागे, गर्दीत. काकूंनी मला बजावलं होतं, हाक मारायची नाही. दर्शना बाहेर आली, रवींद्रचं ओळखपत्र तिने फोनमधल्या कागदाशी ताडून पाहिलं आणि समृद्धीचा हात त्याच्या हातात दिला. पोरगी त्याला वाटली होती त्याहून उंच झाली असावी, कारण तो आधी खाली वाकला आणि मग अर्ध्यावरच थांबला. समृद्धी त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग तिने पाठीवरची सॅक काढून त्याला धरायला दिली. ती दोघं टॅक्सीत बसून कल्याणला, त्याच्या घरी गेली. काकूंनी कठड्यावरचा हात काढला, तेव्हा आम्ही निघालो.

संध्याकाळी ऐश्वर्याचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला, त्यांना कानाशी धरून नीट ऐकू येत नाही.

“पोचली ना? दे तिला.”

“माझ्याकडे नाही. रवींद्ररावांकडे आहे.”

“आई, तू दिलीस?”

“मी लिहू दिलं. तुझा फोन लागत नव्हता.”

पलीकडे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजली. काकूंनी वकिलांचं सांगणं तिला सांगितलं नाही, बसचंही नाही, स्वतःचं काहीच समर्थन केलं नाही.

“जेवली का ती?” ऐश्वर्याने शेवटी विचारलं.

“मला माहीत नाही. तूच विचार. नंबर तोच आहे त्यांचा.”

फोन बंद झाला. काकू त्या काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. मी उठून दिवा लावला, तरी मान वर केली नाही. थोड्या वेळाने त्यांनी ऐश्वर्याला परत लावला. व्यस्त होता. मग जरा थांबून रवींद्रला लावला. तोही व्यस्त होता. त्यांनी पुन्हा एकदा दोन्ही लावून बघितले, दोन्ही अजून व्यस्तच, आणि फोन पालथा ठेवला.

“जा आता घरी,” मला म्हणाल्या. “तुझी माणसं उपाशी बसली असतील.”