आक्कानं काय सोडलं

नातवंडांना मी फार शहाणी वाटते. त्यांनी मला चौदाव्या वर्षी बघायला हवं होतं. त्या वर्षी मी भर बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, कारलं सोडलं. चातुर्मास लागला की एकेकानं उभं राहून चार महिन्यांसाठी काहीतरी सोडल्याचा नेम सांगायचा, ही निपाणीत आमच्या गल्लीची रीत. कारलं मला जन्मात आवडलं नव्हतं. तरी नेम सांगताना डोळे असे मिटले होते, की जणू राज्यच सोडून निघाले!

मागं कुणीतरी खदखदून हसलं. न वळताही कळलं, आक्का.

आक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आधी तिचं हसू यायचं, मग शिंका, मग ती स्वतः. आमचे एक म्हातारे पंच दरवर्षी फुटाणे सोडायचे. तोंडात दात एकही नव्हता. आक्का म्हणायची, "दात गेल्यावर फुटाणे सोडले, त्यात पुण्य कसलं गं? आपल्याला जमंना, त्याला पुण्य म्हणायचं. आणि दुसरा कुरुमकुरुम खायला लागला की त्याला पाप!" मी कानांवर हात ठेवायची. एवढी मी धर्मात्मा!

तर त्या हसण्यानं माझ्या अंगाचा भडका उडाला. मी गर्रकन वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आक्का रोज दार लावून अबोली माळते. आरशात बघते."

विधवेनं फुलं! फुटाणेवाल्या पंचांच्या हातातली माळ थांबली. "फुलं सोडल्याचा नेम घे," ते म्हणाले, "आणि वखारीत जाणंबी बंद." वडील जमिनीकडे बघत पुटपुटले, "घे आक्का. न्हायतर तुला घरात ठेवता यायचं न्हाय मला."

आक्का उठली. तिनं रडावं असं मला वाटत होतं, आणि ती रडली तर काय करू, ही भीतीही होती.

"घेते नेम," ती म्हणाली. "मी रडायचं सोडलं. चार महिनं न्हाय, जन्मभर. लई रडून बघितलं, पुण्य काय लागलं न्हाय. फुलं न्हाय सोडायची. वखारबी न्हाय."

दिवस मावळायच्या आत एक ट्रंक आणि डब्यात लावलेलं अबोलीचं रोप घेऊन ती निघाली. ट्रंक उचलायला वडिलांनी हात पुढं केला. तिनं ती दिली नाही. मी खांबाआड उभी. त्यानंतर आठ दिवस आमच्या घरात कुणी हसलं नाही, शिंकलंसुद्धा नाही.

नवव्या दिवशी मी चोरून वखारीमागच्या तिच्या खोलीवर गेले. दार सताड उघडं, आणि केसांत अबोलीचा गजरा. मला हुंदका फुटला. "आक्का, चुकलं माझं. तू म्हणशील ती शिक्षा दे."

तिनं ताट वाढलं. भाकरी आणि कारल्याची भाजी. माझा नेम! मी ताटाला हात लावला नाही, तेव्हा ती म्हणाली,

"खा. कडू लागलं तर तोंड वाकडं कर, मला शिव्या घाल. पर सोडलंय म्हणून मिरवू नगंस, पोरी. आणि दार लावू नको, वारं येतंय."