उसनी शांतता

टकळी गप्प बसली की घरातले लोक आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं. घरीदारी ती टकळीच. आई म्हणायची, ही जन्मली तेव्हा रडलीच नाही, हिने बातम्या दिल्या.

बाबा अगदी उलटे. वजनकाटे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं, दोन माणसं आणि एक गिऱ्हाईक मावेल एवढं. दिवसाकाठी मोजून दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली सहा ‘हं’ एवढीच. देवाने वाढताना बापाच्या वाट्याचं बोलणं लेकीच्या ताटात घातलं, असं शेजारपाजारचे म्हणत. आता देवाच्या हाताला कोण बोट लावणार? ज्याने वाढलं त्याला पुढचं ठाऊक.

अशी मुलगी सरकारी माध्यम महाविद्यालयात रेडिओ शिकायला गेली याचं कोणालाच नवल वाटलं नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं होतं, रेडिओच का? टकळीने अकरा मिनिटं उत्तर दिलं. समोरच्या तिघांपैकी एकाने मध्ये उठून पाणी पिऊन घेतलं. यादीत नाव लागलं तेव्हा आई म्हणाली, दमवून घेतलेली जागा आहे, टिकव.

महाविद्यालयाची इमारत दुमजली होती. ध्वनिमुद्रणाची खोली जिन्याखाली. दार इतकं जड की खांदा लावल्याशिवाय उघडत नसे, भिंतींना भोकाभोकांचे तक्ते, आणि एकच खुर्ची, तीही करकरणारी. त्यामुळे सगळी पोरं बातम्या उभ्यानेच वाचत. ध्वनिमुद्रणाचं यंत्र हवं असेल तर भांडारवाल्या काकांकडे सही करायची. काका यंत्र, वायर आणि माइकची स्पंजची टोपी अशा तीन वस्तू मोजून देत आणि परत घेताना टोपी आधी बघत. टोपी हरवणाऱ्यांचा त्यांना विशेष राग.

आणि शिकवायला सेकंदबाई. गळ्यात मंगळसूत्र दिसो न दिसो, थांबघड्याळ दिसायचं. तीस वर्षं रेडिओत काढून बाई शिकवायला आल्या होत्या. कोणी मुद्रणातलं एखादं वाक्य कापलं असेल तर नुसतं ऐकून सांगत की इथे श्वास कापलाय, माणूस गुदमरेल. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. कुठेही मुद्रण करा, घर असो, दुकान असो, निघण्याआधी यंत्र चालू ठेवून त्या जागेची एक मिनिट शांतता घ्यायची. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. का, तर प्रत्येक जागेची शांतता निराळी. कुठे पंखा असतो, कुठे नळ, कुठे नुसतीच भिंत. नंतर मुद्रणातला नको तो शब्द कापला की तिथे खड्डा पडतो, आणि अंधारात पायरी चुकावी तसा ऐकणाऱ्याचा कान त्यात पडतो. तो खड्डा त्याच जागेच्या शांततेने भरायचा. बाई म्हणत, “साखर शेजारून आणा, शांतता नाही.”

टकळीला हे पाठ होतं. वर्गात इतरांना समजावून सांगायलाही तीच पुढे. फक्त स्वतः एक मिनिट गप्प बसायची तेवढी अडचण होती. पहिली दोन कामं त्यापायीच बुडाली. भाजीबाजाराच्या मुद्रणात भाजीवाल्यांपेक्षा हीच जास्त ऐकू आली, आणि अग्निशमन दलाच्या मुद्रणात तर आग कशी विझवावी हे तिनेच जवानाला सांगितलं होतं. सेकंदबाईंनी तिला बाजूला घेतलं. वर्षअखेरीला प्रत्येकाने एका माणसाचं सात मिनिटांचं शब्दचित्र करायचं होतं. त्यात जो उत्तीर्ण तो रेडिओ शाखेत, बाकीचे लेखन शाखेत. “या वेळीही तूच ऐकू आलीस,” बाई म्हणाल्या, “तर लेखन शाखा. तिथे तू हवं तेवढं बोल. छापून येत नाही.”

टकळी त्या दिवशी घरी येऊन अर्धा तास गप्प होती. आईने ताप पाहिला.

मग तिने डोकं चालवलं. जगात सर्वांत कमी बोलणारा माणूस तिच्या घरातच होता. त्याच्यावर शब्दचित्र करू, म्हणजे शांतताच शांतता. विचार वाईट नव्हता. यंत्र घेऊन ती दुकानात गेली, खोक्यावर बसली आणि विचारलं, बाबा, तुम्ही या धंद्यात कसे आलात, म्हणजे मला माहीत आहे, आजोबांमुळे, पण त्याआधी तुम्ही छापखान्यातही होतात ना, आई सांगत होती, तिथे तुम्हाला करमलं नाही ते का, आवाजामुळे का? बाबा म्हणाले, “हं.” असं चाळीस मिनिटं चाललं. निघताना नियमाप्रमाणे तिने शांततेचं मिनिटही घेतलं.

चार दिवसांनी जिन्याखालच्या खोलीत बसून तिने सगळं ऐकलं. बाबांचे शब्द वेचून सांधले तर जेमतेम चार मिनिटं. मधे मधे श्वास घ्यायला जागा सोडली तर सात होत होती. त्या जागा भरायला तिने आपलं शांततेचं मिनिट लावलं. त्यात ऐकू आलं: “चला, आता कोणी बोलायचं नाही. मीपण नाही. बाबा, तुम्ही बोललात तरी चालेल, नाही, नको, तुम्हीपण नको. किती झाले? वीसच?”

शेजारी जमिनीवर वर्गातला मौनी बसला होता. या पोराला हे नाव उगीच पडलेलं नव्हतं. त्याने महाविद्यालयाच्या ग्रंथपालांवर शब्दचित्र केलं होतं आणि त्याच्याकडे वाचनालयाची शांतता चांगली चार मिनिटं होती. टकळीने मागितली, त्याने दिली. ती ऐकताना ती मौनीलाच सांगत बसली की शांतता कशी ऐकावी. मग लावून टाकली. काम फत्ते. आणि तिचा स्वभाव असा की स्वतःचं भागलं की दुसऱ्याचं भागवल्याशिवाय चैन नाही. टायरवाल्याचं शब्दचित्र करणारीला तिने ती शांतता दिली, दवाखान्यातल्या परिचारिकेचं करणाऱ्याला दिली, आणखी दोघांना आग्रह करून दिली. पुण्यकर्म केल्यासारखी प्रसन्न होऊन ती घरी गेली.

ऐकण्याचा दिवस उजाडला. वर्गात मोठे ध्वनिक्षेपक लावले होते. सेकंदबाई डोळे मिटून बसल्या. आधी टायरवाल्याचं चित्र झालं. मग परिचारिकेचं. मग टकळीचे बाबा बोलू लागले, थांबले, आणि त्या थांबण्यात कोणीतरी बारीक, कोरडं खोकलं.

बाईंनी डोळे न उघडता हात वर केला. मुद्रण थांबलं. मागे घ्या, म्हणाल्या. पुन्हा खोकला. मग परिचारिकेचं लावा, म्हणाल्या. तिथेही तोच. टायरच्या दुकानातही तोच, हवा भरून झाल्याबरोबर.

“हा माणूस फार फिरतो,” सेकंदबाई म्हणाल्या. “टायर बदलतो, दवाखान्यात जातो, वजनं तपासतो. आणि खोकला काही बरा होत नाही.”

वर्ग खाली बघू लागला. मौनीने तर बाकावरची रेघ नखाने कोरायला घेतली. बाई पुढे म्हणाल्या की हा खोकला त्या आठ वर्षं ओळखतात, ग्रंथपाल आहेत ते. प्रश्न एवढाच की ते एकाच वेळी तीन ठिकाणी कसे पोचले. अशा वेळी गप्प राहिलेलं चालतं, पण टकळीला ते जमणार कसं? ती उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. शांतता कोणाची, कोणाकोणाला दिली, मौनीचा दोष कसा नाही. सांगायला सहा मिनिटं लागली. बाईंनी घड्याळ लावलं होतं.

निकाल सोपा होता. पाचही जणांनी उद्या दुपारी तीनपर्यंत आपापल्या जागेची स्वतःची शांतता आणायची. नाही आणली तर लेखन शाखा. टकळीकडे बघून बाईंनी एवढंच जोडलं की त्या मिनिटात तिचा शब्द तर सोडाच, ओठ सुटल्याचा आवाजही चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकळीने घरातून निघताना देवाला हात जोडले. मागणं लहान होतं, एक मिनिट. आई म्हणाली, मागतेस तीही कसली अवघड वस्तू, देवालाही विचार करावा लागेल.

दुकानाच्या दारात उभी राहून टकळीने स्वतःशी नीट विचार केला. तोंड रिकामं ठेवलं तर ते चालणार. तेव्हा तिने बाटलीतून पाण्याचा मोठा घोट घेतला आणि गिळलाच नाही. गुळणी धरून ती आत गेली, खोक्यावर बसली, यंत्र चालू केलं आणि माइक बाबांच्या मेजावर ठेवला. बाबा औषधवाल्याचा बारीक काटा चिमट्याने जुळवत होते. पंधरा सेकंद झाले. वीस झाले. बाबांनी मान वर केली. लेक समोर, गाल फुगलेले, तोंडातून शब्द नाही.

“दाढ दुखते का?” बाबांनी विचारलं.

टकळीने मान हलवली. मनात म्हणाली, संपलं.

“मग रुसलीस?”

पुन्हा मान. बाबांनी चिमटा खाली ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकासाठीही चिमटा खाली ठेवला नव्हता.

“रुसलीच आहेस,” ते म्हणाले. “लहानपणी तुला याच खोक्यावर बसवायचो. आई शाळेत शिकवायला जायची. तू दिवसभर बोलायचीस. हा काटा बारीक, त्याला श्वासही लागतो. तू बोललीस की काटा नाचायचा. गिऱ्हाईक विचारायचं, असा का हलतो? मी म्हणायचो, पंख्याचा वारा. मग पंखा बंद करावा लागला. दोन उन्हाळे घाम गाळला, पण आळ पंख्यावरच ठेवला.”

टकळीच्या तोंडात पाणी, आणि विचारायचे प्रश्न निदान चाळीस. तिने गुडघा घट्ट धरला.

“एकदा तू आठ दिवस मामाकडे गेलीस,” बाबा सांगत राहिले. “काटा असा उभा, की खिळ्याने ठोकलाय. आठ दिवसांचं काम दोन दिवसांत उरकलं. मग काय करायचं ते सुचेना. तिसऱ्या दिवशी मीच उठून पंखा लावला. म्हटलं, काहीतरी हलू दे.”

ते थांबले. बहुधा दमले. वर्षाचं बोलून झालं होतं. चिमटा उचलून पुन्हा काट्यावर वाकले, आणि टकळी गाल फुगवून, डोळे पुसत तशीच बसून राहिली. यंत्र चालूच होतं. दुकानात कोणी काही बोललं नाही.

दुपारी पावणेतीनला तिने जिन्याखालच्या खोलीत दोन तुकडे दिले, बाबांचं बोलणं आणि त्यानंतरचं मिनिट. सेकंदबाईंनी आधी बोलणं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि चित्राची सुरुवात इथूनच कर, जुन्यातलं निम्मं काढून टाक, असं सांगितलं. मग मिनिट लावलं. भांडारवाले काका टोपी न्यायला आले होते, तेही दारात थांबले. सव्विसाव्या सेकंदाला कोणीतरी खोकलं.

खोलीतल्या पोरांनी श्वास रोखला. “तो बाबांचा आहे, बाई,” टकळी हळूच म्हणाली.

“कळलं. ग्रंथपालांचा कोरडा असतो,” बाई म्हणाल्या. “पण अठ्ठावन्नाव्या सेकंदाला हे काय गिळलं कोणी?”

टकळीने पाण्याची हकिकत सांगितली. या वेळी सव्वा मिनिटात संपली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, ते खरंच चाललंय ना म्हणून कानाशी धरलं, आणि शेवटचे दोन सेकंद कापून बाकीचं मिनिट मान्य केलं.

आठवड्याने निकालपत्र आलं. रेडिओ शाखा. खाली शेऱ्याच्या जागी बाईंच्या अक्षरात एक ओळ होती: पाण्याची बाटली कायम जवळ ठेवावी.

टकळीने ते दुकानात जाऊन बाबांपुढे धरलं आणि कसं झालं, कोण काय म्हणालं, काकांना टोपी मिळाली का, सगळं सांगायला सुरुवात केली. मेजावरचा काटा नाचू लागला. बाबांनी निकालपत्र वाचलं, “हं,” म्हणाले, आणि हात लांब करून पंखा बंद केला.