चादरीवरची सरहद्द

माझे सासरे, आण्णा गेले, असा दवाखान्यातून ह्यांचा फोन आला तेव्हा मी चादरीजवळच बसले होते. दवाखान्यात जायला रिक्षात बसताना आण्णा मला बजावून गेले होते, "डाव मोडायचा न्हाय हं. माजी चाल हाय." केर काढतानाही मी तेवढी जागा सोडत होते...

आण्णा भवानी पेठेतल्या कारखान्यात चादरी विणायचे. लढाईवर ते कधी गेले नाहीत, पण पेपरात सैन्याचं काही आलं की चहा गार होईपर्यंत वाचायचे. माझा महेश फौजेत लागला. पुढे सरहद्दीवर तणाव वाढला, त्याचे फोन बंद झाले आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी, कुणाला काय विचारणार? मग एक दिवस आण्णांनी जमिनीवर चौकड्यांची चादर अंथरली. चिंचोके म्हणजे जवान, ज्वारीचे दाणे म्हणजे रसद, चादरीची चुणी म्हणजे डोंगर आणि चुणीतली फट म्हणजे घाट. ज्या जवानामागे दाणा नाही त्याने हलायचं नाही. मधला देश माझा, दोन्हीकडचे शेजारी ते स्वतः. "दोगंबी एकदम आले तर काय करशील? सरकारलाबी ह्योच घोर हाय," म्हणत दोन्ही हातांनी चालून यायचे.

मी भिऊन सगळ्या काठाने एकेक चिंचोका ठेवायची आणि हरायची. "सगळीकडं थोडं थोडं म्हंजी कुटंच काय न्हाय की गं! आन् नुसतं आडवून भागत न्हाय. आत गेलो तर परत येता येणार न्हाय, ही भीती शेजाऱ्याच्या मनात पायजे. मग तो येतच न्हाय, आन् आपला महेशबी सुखरूप." त्या शेवटच्या वाक्यासाठी मी खेळायला बसायची. पण हळूहळू भाकरी थापतानाही मला चाली सुचू लागल्या!

चाल करताना आण्णा कानडीतून डिवचायचे, "बा, बा!" म्हणजे ये, ये. एकदा मी डोंगरातला घाट मुद्दाम मोकळा सोडला. "बा, बा" करत ते स्वतःच आत घुसले... खूप आत. मी बाजूने जवान आणून मागची रसद तोडली. त्यांचे सगळे चिंचोके जागच्या जागी! ते उठून दारात गेले आणि गल्लीला ओरडले, "आरं, सुनेनं कोंडलं की मला!" मी लाजून स्वयंपाकघरात पळाले, पण तिथूनही वाकून कोंडलेले चिंचोके मोजत होते. पुढे महेशचा फोन आला, तो सुखरूप होता. तरी आमचे डाव थांबले नाहीत.

दिवसकार्याला महेश रजा काढून आला. सगळं आटोपल्यावर तो आण्णांच्या जागेवर बसला. "आई, आज्जाची चाल मी करतो. एवढा घाट मोकळा सोडतात व्हय? आमचे साहेब रागावतील!" त्याने चिंचोका उचलला.

"बा, बा!" मी ओरडले. शेजारची बाई दारातून डोकावली, एवढ्या मोठ्याने.

महेशचा हात थबकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मोकळ्या घाटाकडे पाहिलं आणि चिंचोका होता तिथेच परत ठेवला.

चादर अजून तशीच अंथरलेली आहे. चाल आण्णांची आहे.