माझं पोट आणि बिनडिझेलची गाडी

मला गाडी लागते. लागते म्हणजे अशीतशी नाही. स्टँडवर एसटी नुसती उभी असली, इंजिन बंद असलं, तरी तिच्या वासानं माझं पोट ढवळायला लागतं. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, पोटावर वर्तमानपत्र बांधून झालं. कशाचा म्हणून गुण आला नाही.

माहेर कवठे महांकाळचं आणि सासर सांगलीचं, म्हणून माझा संसार निभावला. रस्ता सरळ आणि थोडक्यातला. पण माझी थोरली बहीण, आमची अक्का, दिली कोयनानगरला. दाजी धरणावर नोकरीला होते, निवृत्त झाल्यावर तिथंच राहिले. पाटण सोडलं की तिथला रस्ता वळायला लागतो तो थांबतच नाही. मी आयुष्यात मोजून चारदोनदा तिच्याकडं गेले असेन, आणि दर वेळी पोचल्यावर दिवसभर आडवी.

त्यामुळं अक्काच सांगलीला यायची. गेल्या वर्षी ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तिचं येणं बंद झालं. फोनवर विचारायची, "कवा येतीस?" मी म्हणायची, "येते गं." असं बरेच महिने चाललं आणि मग तिनं विचारणंच सोडलं. विचारायची तेव्हा जेवढं वाईट वाटायचं त्याच्या दुप्पट आता वाटायला लागलं.

आमचे हे निवृत्त झाल्यापासून मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघणं हीच त्यांची नोकरी. एक दिवस जेवताना म्हणाले, "आपण इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर घेऊया."

"क्रॉसओव्हर म्हणजे काय हो?"

"धड जीपही नाही, धड मोटारही नाही. दोन्हींच्या मधलं."

"मग खेचर म्हणा की."

त्यांनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं आणि गुण सांगायला लागले. बॅटरी तळाशी, त्यामुळं गाडी हेलकावे खात नाही. जमिनीपासून उंच, त्यामुळं खड्ड्यांची भीती नाही. एका चार्जमध्ये सांगली ते कोयनानगर, आणि परतीचंही भागतं. गिअर नाही, क्लच नाही, इंजिनच नाही म्हणून थरथर नाही. आणि शेवटी म्हणाले, "डिझेलचा वासच नाही. तुझ्या दुखण्याचं मूळच उपटून टाकलंय बघ."

माझा घास हातातच राहिला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसाचं बोलणं मी इतकं कान देऊन पहिल्यांदाच ऐकलं.

गाडी आली. पूजेला भटजींनी बॉनेट उघडायला लावलं, तर आत इंजिनाच्या जागी सामान ठेवायचा खोलगट कप्पा. बिचारे क्षणभर घुटमळले आणि कप्प्यालाच हळदकुंकू वाहून मोकळे झाले. पुढच्याच रविवारी आम्ही कोयनानगरला निघालो. अक्काला आदल्या दिवशी कळवलं होतं.

आता या गाडीत एक सोय आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती स्वतःच ब्रेक आवळते, आणि त्यातनं तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. हे आवळणं कमीजास्त करता येतं. आमचे हे म्हणजे मी खोलीत बसलेली असताना पंखा बंद करून जाणारे गृहस्थ. त्यांनी ते सगळ्यात जास्तवर ठेवलं. पाय दाबला की मी मागं, पाय उचलला की मी पुढं. त्यात आवाज नाही. जुन्या गाडीत इंजिन घुरघुरलं की पोटाला आधी वर्दी तरी मिळायची. इथं सगळं गुपचूप.

"बघ, वीज परत येतीय," हे कौतुकानं म्हणाले.

वीज एकटीच परत येत नव्हती. इस्लामपूर यायच्या आत मी रस्त्याकडेला ओकून मोकळी झाले होते, आणि पुढं जायची ताकदच उरली नाही. गाडी परत फिरवली.

अक्काला फोन केला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. फोनवर बोलतोच की आपण." मी फोन ठेवला आणि भांड्यांची आदळआपट करत रडले.

"मनाचे खेळ असतात हे," ह्यांनी दारातनं सुनावलं. "मन जरा घट्ट करावं." हे मी लग्नाच्या वरातीपासनं ऐकत आलेय.

पुढं काही दिवसांनी दाजींचा फोन आला. अक्काचा पाय कसा आहे, औषध चाललंय का, सगळं बोलून झालं. मागनं अक्का नुसती चेष्टेनं म्हणाली, "तिला म्हनावं, तुझ्या स्कूटीवरनं ये."

ती हसली, दाजी हसले, मी मात्र हसले नाही. सांगलीभर मी स्कूटीवर हिंडते, भाजी, बँक, दवाखाना, लग्नं. कधी म्हणून मळमळलं नाही. हँडल माझ्या हातात असतं ना. वळण कुठं घ्यायचं ते पोटाच्या आधी मला ठाऊक असतं.

मी ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "गाडी मी चालवणार."

"ती गाडी आहे. स्कूटी नव्हे."

"गिअर कुठाय दाखवा. क्लच दाखवा." ते मोबाइल चाचपायला लागले. "मग छप्पर असलेली स्कूटीच झाली की."

आपणच गायलेले गुण आपल्यावर उलटले की माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी बघायला मिळालं. शिकाऊ लायसन्स काढलं. सुट्टीच्या दिवशी मार्केट यार्डाच्या मोकळ्या रस्त्यांवर मी शिकले, हळदीच्या पोत्यांना एकदाच धडकले, आणि परीक्षा पास झाले. आवळणं पहिल्या दिवशीच सगळ्यात कमीवर आणलं.

एका रविवारी अक्काला नुसतं येतोय म्हणून कळवलं आणि निघालो, चालवायला मी. कराड गेलं, पाटण गेलं, वळणं सुरू झाली. पोट शांत. मला इतका आनंद झाला की मी बडबडत सुटले. हे उत्तरच देईनात. बघितलं तर खिडकीची काच खाली, डोळे मिटलेले, कपाळावर घाम.

"मन घट्ट करा," मी म्हटलं.

"तुझं लिंबू कुठाय?" त्यांनी विचारलं.

अक्का फाटकात वॉकर धरून उभी होती. शेजारी स्टुलावर सरबत आणि ओला टॉवेल, खाली बादली. माझ्या स्वागताची तिची ठरलेली तयारी. ती डाव्या बाजूला आली, "आलीस गं बाई, हळू उतर," म्हणत दार उघडलं, आणि आतनं पांढरेफटक पाव्हणे बाहेर आले. मग तिनं वाकून मला बघितलं.

"तू चालीवलीस?"

"व्हय."

बादली, टॉवेल, सरबत, सगळं ह्यांच्या वाट्याला गेलं. दाजींनी त्यांना धरून आत नेलं आणि आडवं केलं. मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात शिरले. "अक्का, लय भूक लागलीया. काय केलंयस?"

तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. आत मूठभर मऊ भात. "तुझ्यासाठी दर येळी एवढाच करते," ती म्हणाली. "त्यो पन तू टाकतीस. ह्या घरात आल्या दिवशी तू कवाच जेवली न्हाईस."

मी पिठाचा डबा काढायला गेले तर तिनं माझा हात बाजूला सारला. वॉकर भिंतीला लावला, एका हातानं ओटा धरला आणि दुसऱ्या हातानं पीठ परातीत घेतलं.

पहिली भाकरी तव्यावर टाकताना ती रडायला लागली. मी तिसरी मागितली तेव्हा थांबली.