वाकणारी वाटी

ऑफिसात तिला सगळे जाळीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. कामच तसं होतं. कारखान्यात बनायचा भाग आधी तिच्या कॉम्प्युटरवर यायचा. त्याचे बारीक तुकडे पाडून ती त्याची जाळी विणायची आणि तो भाग कुठे किती ताणला जाईल, कुठे तडकेल, ते गणिताने काढायची. तिने नाही म्हटलेला भाग पुढे सरकत नसे. साहेबसुद्धा त्यात नाक खुपसत नसत.

त्या वर्षी कंपनीने घास भरवणारा यांत्रिक हात करायला घेतला, ज्यांचे हात चालत नाहीत अशांसाठी. त्याच्या कोपरात एक पोलादी वाटी होती. भिंत कागदासारखी पातळ, काठाला बाहेरून दाते. आत एक लंबगोल चकती फिरायची आणि वाटीला दाबून आपल्यासारखी लंबगोल करायची. वाटी अशी सारखी वाकत राहायची आणि तिचे दाते बाहेरच्या कड्याच्या दात्यांत एकेक करून सरकायचे, म्हणूनच हात संथ आणि न थरथरता हलायचा. ती तडकली की हात घासासकट खाली.

जाळीबाईला हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. मणक्याच्या दुखण्यात तिच्या सासऱ्यांचे दोन्ही हात गेले होते. नवरा फिरतीवर असायचा, तेव्हा भरवायचं काम तिच्याकडेच होतं. एकदा तिच्याच हातून गरम सूप त्यांच्या छातीवर सांडलं होतं. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले.

तिचं गणित सांगत होतं की वाटी बुडाशी तडकणार. साहेब म्हणाले, "पुन्हा एकदा बघा." तिने जाळी आणखी बारीक केली, उत्तर तेच. भिंत जाड करून पाहिली, तर ताण उलट वाढला. मग तिने सरळ लिहून दिलं की हे चालणार नाही. अर्धवट जोडलेला हात कपाटात गेला आणि माणसं दुसऱ्या कामांना लागली.

काही महिन्यांनी चाचणी विभागात नवा इंजिनिअर आला, मोठ्या मिशांचा आणि कमी बोलणारा. रिकामा वेळ होता म्हणून त्याने कपाटातली एक वाटी दाबयंत्रात धरून दाबली. मग तो तिच्या टेबलाशी आला.

"बाई, तुमच्या मॉडेलमध्ये ही वाटी दाबायला किती जोर लागतो?"

तिने आकडा सांगितला.

"मला निम्माही लागला नाही."

"तुमचं यंत्र तपासून घ्या."

"घेतलं. दोनदा."

तो वाद घालत बसला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "पातळ भिंतीच्या जाळीत तुम्ही ठोकळ्यासारखे तुकडे लावलेत. जाडीत एकच थर आहे. ठोकळा वाकायला कुरकुरतो. पत्र्याचे तुकडे लावून बघा."

तिच्या कपाळावर आठी चढली. पण सुट्टीच्या दिवशी, सासऱ्यांना भरवून झाल्यावर, ती कॉम्प्युटर उघडून बसली. ठोकळे काढून तिने भिंतीला पातळ पत्र्यासारखे वाकणारे तुकडे लावले. जोर दाबयंत्राच्या आकड्याला येऊन टेकला. बुडाशी ताण होता, पण वाटी तो आरामात सोसत होती. तिची जाळी बारीक होती ती लांबीरुंदीत. जाडीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. वाटी खऱ्यापेक्षा ताठर झाली होती, आणि ताठर वस्तू तेवढीच वाकवायची तर ताण वाढणारच. इतक्या वर्षांत जे नवशिक्यांना समजावलं, तेच तिच्या हातून निसटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. "वाटी टिकते. माझं चुकलं."

साहेबांनी चष्मा काढला. "नक्की?"

"नक्की. पण चाचणीला लावा. या वेळी माझ्या शब्दावर जाऊ नका."

चाचणीत वाटी टिकली. हात तयार झाला आणि पहिल्या काही हातांपैकी एक तिच्या घरी आला. सासऱ्यांच्या हनुवटीखाली एक बटण बसवलं होतं. ते दाबलं की हात ताटलीतून घास उचलायचा आणि तोंडाजवळ येऊन थांबायचा. पहिल्या जेवणाला निम्मं अन्न सदऱ्यावर पडलं.

ती चमचा घेऊन पुढे झाली. "बाबा, आज मीच भरवते."

"नको," ते म्हणाले. "तू बस तिकडे."

"सांडतंय सगळं."

"सांडू दे. हे यंत्र माझ्या तोंडाकडे टक लावून बघत तर नाही."

ती खुर्ची ओढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. इतके दिवस आपण काळजीने बघतो आहोत अशी तिची समजूत होती. कपाटात हात पडून राहिला ते महिने तिच्या मनात आले. तेवढे महिने ते तिच्या नजरेखाली जेवले होते.

पुढे दोन वर्षं ते त्याच हाताने जेवले. सदरे रोज धुवावे लागायचे. ऑफिसात जाळीबाईचं नाव तेच राहिलं, पण कुठल्याही पातळ भागाला नाही म्हणण्याआधी ती आता चाचणी विभागाचा जिना उतरून मिशीवाल्याकडे जाऊ लागली आणि म्हणू लागली, "जरा दाबून बघा हो."